शिरस्त्राणाची कसोटी



‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपण सारे जाणतो. डोके शाबूत राहिले, तर पगड्या हव्या तेवढ्या मिळतील. मोटारसायकलच्या युगाने मात्र ही म्हण उलटी केली. आता पगडी चांगली असेल, तरच शिर सलामत! पण चांगली म्हणजे कशी? हे कोणी ठरवले आणि कशावरून? तो इतिहास आज आपण पाहू.

१३ मे १९३५ चा दिवस. इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स, म्हणजेच ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले गृहस्थ, मोटारसायकलवरून घरी चालले होते. वाटेत सायकलवरची दोन मुले दिसली. त्यांना चुकवताना लॉरेन्स गाडीवरून फेकले गेले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. सहा दिवसांनी, १९ मे रोजी, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी ते वारले. त्यांच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे.

शिरस्त्राण ही वस्तू तेव्हा काही नवी नव्हती. १९१४ सालीच आयल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीत तिची सक्ती झाली होती. पण ती शर्यतवाल्यांची चैन, असाच लोकांचा समज. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. केर्न्स यांनी आकडे जमवले. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर मोटारसायकलवरचे २,२७९ लोक मेले होते. युद्धापूर्वीच्या तितक्याच काळापेक्षा हा आकडा सुमारे एकपंचमांशाने जास्त होता. शिरस्त्राण घातलेले असताना जखमी झालेले रुग्ण केर्न्स यांना सातच आढळले. ते सातही वाचले. हा लेख १९४१ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना कामावर असताना शिरस्त्राण सक्तीचे केले. सर्वसामान्य ब्रिटिश नागरिकावर ही सक्ती यायला मात्र १९७३ साल उजाडले. केर्न्स त्याआधीच, १९५२ साली, निवर्तले होते.

आता शिरस्त्राण करते तरी काय? मडके फरशीवर पडले तर फुटते, तेच कडब्याच्या गंजीवर पडले तर वाचते. पडण्याची उंची तीच, फरक थांबण्याचा. फरशीवर ते एकदम थांबते, कडब्यावर हळूहळू. शिरस्त्राणाचे बाहेरचे कठीण कवच धक्का एका ठिकाणी न ठेवता पसरवते आणि आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः चेपून डोक्याला थांबायला सवड देतो. एकदा चेपलेला थर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून अपघात सोसलेले शिरस्त्राण वरून कितीही चकचकीत दिसले, तरी ते टाकून द्यावे.

पण दुकानात दिसणारी टोपी हे काम करील की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी मानके आली. ब्रिटनमध्ये पहिले मानक १९५२ साली निघाले. युरोपात १९७२ साली बाविसाव्या क्रमांकाची नियमावली आली. तिच्या २००० सालच्या सुधारणेत शिरस्त्राणात धातूचे नकली डोके बसवून ते ताशी २७ किलोमीटर वेगाने लोखंडी ऐरणीवर आदळवतात. आपण म्हणाल, गाडी तर साठने पळते! खरे आहे, पण स्वार रस्त्यावर घसरून पडतो, तेव्हा डोके जमिनीवर आपटते ते मुख्यतः उंचीवरून पडल्याच्या वेगाने. खांबावर किंवा ट्रकवर सरळ धडकल्यास हा हिशेब लागू नाही. शिरस्त्राण म्हणजे वेगाचा परवाना नव्हे, तो याचमुळे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. केर्न्स यांचे ऑक्सफर्डमधील सहकारी होलबोर्न हे भौतिकशास्त्रज्ञ. मेंदूऐवजी जिलेटिनची प्रतिकृती घेऊन त्यांनी १९४३ साली दाखवले, की नुसत्या सरळ धक्क्यापेक्षा डोके गर्रकन फिरण्याने मेंदूला अधिक इजा होते. ही फिरकी मोजण्याची चाचणी त्या युरोपीय नियमावलीत आली ती २०२० च्या सुधारणेत! शास्त्राला कळल्यापासून नियमात उतरेपर्यंत सत्त्याहत्तर वर्षे गेली.

कपड्यांचेही तसेच. २०२० च्या युरोपीय मानकात मोटारसायकलस्वाराच्या पोशाखाला एएए, एए, ए अशा श्रेणी आहेत. खांदा, कोपर, गुडघा अशा सर्वाधिक धोक्याच्या जागचे कापड काँक्रीटवर घासून पाहतात. एएएला ताशी १२०, एएला ७० आणि एला ४५ किलोमीटर वेगाची कसोटी. ‘बी’ श्रेणीच्या पोशाखात धक्का झेलणाऱ्या गाद्या नसतात, तर ‘सी’मध्ये त्या गाद्यांपुरतेच संरक्षण असते. अक्षरे लहानशी, पण त्यांत माणसाच्या कातडीचा हिशेब आहे.

आपल्याकडे आय.एस. ४१५१ हे शिरस्त्राणाचे मानक आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनची जागा १९८७ साली भारतीय मानक ब्यूरोने घेतली, तरी आय.एस.आय. ही खूण कायम राहिली. १ जून २०२१ पासून ह्या खुणेवाचून दुचाकीचे शिरस्त्राण बनवणे वा विकणे बेकायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील १२९ वे कलम चालकाला आणि मागे बसणाऱ्यालाही शिरस्त्राण सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलेही त्यात आली.

तेव्हा बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला मांडलेली स्वस्त टोपी उचलण्यापूर्वी ती खूण पाहा. टोपी डोक्याला घट्ट बसते का, ते पाहा. आणि हनुवटीखालचा पट्टा आवळा. पट्टा सुटा असेल तर डोके आपटण्याआधीच टोपी निघून जाते. शेत दोन मैलांवर आहे, शाळा पलीकडच्याच गावात आहे, म्हणून ती गाडीच्या हँडलला अडकवून ठेवू नका. लॉरेन्सही घराजवळच पडले होते. त्या छोट्याशा खुणेमागे हजारो माणसांचे मरण मोजलेले आहे. ते मोजणाऱ्यांनी आपले काम केले. पट्टा आवळण्याचे काम आपले.