पोर्टरचा रंग का उडाला?

डेअरीत दुधात सोडतात तो लॅक्टोमीटर पाहिलाय ना? आज त्याच्याच भावंडाची गोष्ट: सॅकरोमीटर. साखर विरघळली की पाणी दाट होतं आणि त्यात सोडलेलं यंत्र कमी बुडतं. बास, एवढंच. साखर कारखान्यात उसाच्या रसाचं ब्रिक्स मोजतात, तेही याच कुळातलं.

अठराव्या शतकात इंग्लंडमधले बिअरवाले जिभेवर आणि अंदाजावर चालायचे. जेम्स बॅव्हरस्टॉक नावाच्या पोरानं हायड्रोमीटर वापरायला घेतला, तोही वडिलांपासून लपवून! पुढे १७८४ मध्ये हल गावच्या जॉन रिचर्डसननं सॅकरोमीटरवर पुस्तकच काढलं.

आणि मग गंमत झाली. लंडनची काळपट पोर्टर बिअर तपकिरी माल्टची असायची, कारण तो स्वस्त. मोजल्यावर कळलं, त्यातून फिक्या माल्टपेक्षा साखर बरीच कमी निघते. म्हणजे स्वस्त माल महागात पडत होता! आमच्याकडे प्रोफाइलर लावला की भलतंच फंक्शन वेळ खाताना सापडतं ना, डिट्टो तसंच.

सगळे फिक्या माल्टकडे वळले. पण यंत्र साखर मोजत होतं, चव नाही. हिशोब सुधारला आणि जुनी पोर्टर गेली, हे मला अजून खटकतं. रंगासाठी जळकी साखर घालू लागले, तर १८१६ मध्ये कायद्यानं त्यावर बंदी आली. शेवटी १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरनं माल्ट कॉफीसारखा काळा भाजायचं पेटंट घेतलं. मूठभर टाकला की पोर्टर पुन्हा काळी!