न मांडलेल्या विधेयकाचा अभ्यास

विधिमंडळ हा विषय मराठी वाचकाला परका नाही. बहुमत चाचणी, प्रतोद, अपात्रता, मूळ पक्ष कोणाचा, ही सगळी चर्चा २०१९ नंतर चहाच्या टपरीपर्यंत येऊन पोचली. सरकारी दवाखानाही कोणाला परका नाही. मात्र हे दोन विषय शेजारी ठेवून वाचण्याची सवय आपल्याला नाही. पक्षशिस्तीचा आणि सभागृहातल्या अडवणुकीचा प्राथमिक आरोग्य केंद्राशी काय संबंध, असे कोणी विचारले तर त्यात नवल नाही. हे अभ्यासक्षेत्र नेमके त्याच प्रश्नापासून सुरू होते. येथे येण्यासाठी राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. एखादा तालुका नीट माहीत असावा आणि छापील सरकारी उत्तर सावकाश वाचण्याची तयारी असावी, एवढे पुरते.

या लेखनासाठी तालुके निवडले आहेत ते ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातले, शहापूर आणि मुरबाड. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईचे बरेचसे पाणी येथूनच जाते. मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याण गाठायचे ते रस्त्याने, आणि पलीकडे माळशेज घाट. दोन्ही तालुक्यांत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली वस्त्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. पाड्यावर कोणी आजारी पडले की आधी आशाताई, मग उपकेंद्रातल्या सिस्टर, मग कसारा, डोळखांब, किन्हवली किंवा धसईचे आरोग्य केंद्र, तेथून शहापूर किंवा मुरबाडचे रुग्णालय, आणि तेथे भागले नाही की उल्हासनगर, ठाण्याचे सिव्हिल किंवा कळवा. रस्ता नसलेल्या पाड्यावरून पहिला टप्पा आजही डोलीतूनच पार पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तेव्हा राज्यभर चर्चा झाली ती त्या एका रुग्णालयाची. खालून वर पाठवलेल्या रुग्णांच्या या साखळीचा विचार त्या मानाने कमी झाला.

आता जरा दूर जाऊ. आरोग्य सुधारणेवरून सभागृहात झालेल्या झुंजीचे जगभर दिले जाणारे उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथील सिनेटमध्ये लांबवलेली चर्चा बंद करायलाच १०० पैकी ६० मते लागतात. २४ डिसेंबर २००९ रोजी ओबामांचे आरोग्य विधेयक सिनेटने ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केले. महिन्याभरात मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक डेमोक्रॅटिक पक्षाने गमावली आणि साठावे मत गेले. मग २१ मार्च २०१० रोजी प्रतिनिधीगृहाने सिनेटचेच विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी स्वीकारले. रिपब्लिकनांचे एकही मत मिळाले नाही आणि सत्ताधारी पक्षाच्याच ३४ सदस्यांनी विरोधात मत दिले. वाचकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही की त्या ३४ जणांचे सदस्यत्व गेले नाही. २०१७ मध्ये तोच कायदा मोडीत काढण्याचा प्रयत्न जॉन मॅकेन आणि आणखी दोन रिपब्लिकन सदस्यांच्या मतांनी ४९ विरुद्ध ५१ असा फसला. तेव्हाही कोणाचे आसन रिकामे झाले नाही.

आपल्याकडे हे घडू शकत नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले, किंवा परवानगीवाचून मतदानाला गैरहजर राहिले आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही, तर आमदारकी जाते. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. मात्र असा आदेश सरकार टिकण्या-पडण्याच्या किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणाच्या प्रश्नापुरता असावा, असेही सुचवले. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. रुग्णालयांच्या नोंदणीचे विधेयक असो की अर्थसंकल्प, पक्षादेश निघाला की विषय संपतो.

शहापूरने हा विषय अगदी जवळून पाहिला आहे. २०१९ च्या निवडणुकीत येथे राष्ट्रवादीतून शिवसेनेत गेलेले पांडुरंग बरोरा आणि शिवसेनेतून राष्ट्रवादीत आलेले दौलत दरोडा समोरासमोर होते. दरोडा निवडून आले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या पहाटेच्या शपथविधीनंतर ते बेपत्ता असल्याची तक्रार शहापूर पोलीस ठाण्यात दाखल झाली, आणि पुढे ते पक्षासोबत परत दिसले. मुरबाडचे किसन कथोरे २००९ मध्ये राष्ट्रवादीचे आमदार होते, २०१४ पासून भाजपचे आहेत. यात कोणाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. असे राज्यभर घडले आहे. अभ्यासकाला उपयोगी मुद्दा निराळाच आहे. निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलायला आमदार मोकळा असतो, आणि सभागृहात एखाद्या कलमावर वेगळे मत द्यायला तो मोकळा नसतो. मग आरोग्याच्या बाबतीत त्याच्या हाती उरते काय? डॉक्टरची रिक्त जागा भरून मागणे, १०८ ची गाडी मागणे, इमारतीला निधी मागणे. कायदा करण्यासाठी निवडून दिलेला माणूस अर्जदार होतो.

अडवणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो गदारोळ: अध्यक्षांच्या आसनासमोरची घोषणाबाजी, कागद फाडणे, सभात्याग, तहकुबी. जुलै २०२१ मध्ये भाजपचे १२ आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केले. हा इतिहास रंजक आहे, पण आरोग्याच्या अभ्यासकाने त्यात फार रमू नये. गदारोळात विधेयक अडत नाही. उलट आवाजी मतदानाने, चर्चेविना, ते चटकन मंजूर होते.

खरी अडवणूक होते ती विधेयक सभागृहात येण्याआधी. रुग्णालयांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चाच, म्हणजे अमेरिकेतल्या त्या कायद्याच्याच वर्षीचा. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तो घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाखाली, चार राज्यांच्या ठरावांवरून संसदेने केला. बाकीच्या राज्यांना तो स्वीकारायला विधिमंडळाचा एक साधा ठराव पुरतो. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान यांनी तो केला. महाराष्ट्राने केला नाही, आणि स्वतःचा म्हणून जो मसुदा तयार झाला तोही सभागृहात कायदा होऊन बाहेर पडला नाही. म्हणजे कोणी विरोधात भाषण केले, कोणी मत दिले, कोणी सभात्याग केला, अशी कुठेच नोंद नाही. राज्यात चालतो तो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. त्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची सक्ती करणारे नियम आले जानेवारी २०२१ मध्ये. मधली पंधरा वर्षे कोणत्याही एका पक्षाच्या नावावर टाकता येत नाहीत. त्या काळात सगळेच प्रमुख पक्ष सत्तेत येऊन गेले.

येथे डॉक्टरांची बाजूही वाचकांनी ऐकावी. दहा खाटांचे रुग्णालय एकट्याने चालवणाऱ्या मुरबाडच्या डॉक्टरला आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाला एकच मापदंड लावला तर आधी बंद पडेल ते मुरबाडचे. हा आक्षेप वजनदार आहे. राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा सप्टेंबर २०२२ मध्ये मांडला, तो प्रवर समितीकडे गेला, मार्च २०२३ मध्ये मंजूर झाला आणि खासगी डॉक्टर संपावर गेले. पण तेथे आक्षेप, दुरुस्त्या आणि तडजोड यांचा कागद तरी मागे राहिला. आपल्याकडे तोही नाही, याची खंत वाटते.

आणखी एक वाट सभागृहाला वळसा घालून जाते, ती शासन निर्णयाची. २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी योजना, तिचे पुढचे महात्मा फुले जन आरोग्य हे रूप, १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरचे पैसेही न घेण्याचा निर्णय, हे सारे कायद्याविना झाले. चांगले झाले, पण जे शासन निर्णयाने येते ते शासन निर्णयाने जाऊही शकते. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे उपकेंद्र आणि २०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाणही मार्गदर्शक सूचनांतले. ते पाळले नाही म्हणून कोणता कायदा मोडला, असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

मग वाचायचे कोठून? तारांकित प्रश्नांपासून सुरुवात करा. त्यांचा साचा ठरलेला असतो. अमुक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय. असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय. नसल्यास विलंबाची कारणे काय? आणि समोरच्या रकान्यात उत्तर: हे अंशतः खरे आहे. शेवटच्या भागाला हमखास: प्रश्न उद्भवत नाही. पहिल्यांदा हे रुक्ष वाटेल. चार-पाच अधिवेशनांचे कागद शेजारी ठेवलेत की ‘अंशतः’ या एका शब्दामागे किती खुर्च्या रिकाम्या आहेत ते दिसू लागते. प्रश्न विचारणारा आमदार सत्ताधारी बाकांवर गेल्यावर त्याचा प्रश्न कधी सौम्य होतो, कधी थांबतो, तेही तेथेच दिसते. त्यानंतर लक्षवेधी, कपात सूचना आणि नियम २९३ खालच्या चर्चा वाचाव्यात. पक्षादेश मतावर असतो, प्रश्नावर नसतो. आमदाराचे स्वतःचे मन समजून घ्यायला ही जागा उरली आहे.

या भागाकडे अभिमानाने दाखवावे असेही काही आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ मध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. जनसुनवाईत गावकरी उभे राहून अधिकाऱ्यांना विचारत: औषध बाहेरून का आणायला लावले, सिस्टर मुक्कामी का राहत नाहीत? तेथे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. विधानसभेच्या प्रश्नोत्तरांसोबत या सुनावण्यांचे अहवालही वाचकांनी मिळवावेत.

पुढच्या अधिवेशनाची प्रश्नोत्तरांची यादी छापून आली की तुमच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्राविषयीचा एखादा प्रश्न निवडा, मंत्र्यांचे उत्तर हातात घ्या आणि बाह्यरुग्ण विभाग सुरू असताना त्या केंद्रात जाऊन ते ताडून पाहा. जे आढळेल ते तारीख घालून लिहून ठेवा आणि आपल्या आमदाराला पाठवा, तो कोणत्याही पक्षाचा असो.