परवच्यापासून अंगणापर्यंत

‘आज शाळेंत काय शिकलास?’ असें घरीं विचारलें असतां पांचसहा वर्षांचें मूल बहुधा ‘कांहीं नाहीं’ असें उत्तर देतें. मूल कांहींच शिकलें नाहीं असा त्याचा अर्थ नव्हे. जें घडलें तें सांगण्यास लागणारे शब्द अजून त्याच्यापाशीं नसतात, इतकेंच. म्हणून लहान मुलाच्या शिक्षणाची वार्ता घरीं पोंचविण्याचें काम दुसऱ्या कोणास तरी करावें लागतें. तें निरनिराळ्या काळीं कसें झालें, हें पाहणें बोधप्रद आहे.

आपल्याकडे पंतोजींच्या काळीं हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. शाळा कोणाच्या तरी ओसरीवर अथवा देवळांत भरे. धुळाक्षरें गिरविणारीं व मोठ्यानें पाढे म्हणणारीं मुलें येणाराजाणारास दिसत. दिवेलागणीस घरोघर परवचा होई. पावकी, निमकी म्हणतांना मूल कोठें अडखळलें, हें आजोबांना बसल्या जागीं कळे व तेथल्या तेथें दुरुस्तीहि होई. मात्र या रीतीनें कळे तें केवळ पाठांतर. मुलाचें कुतूहल, त्याच्या हातांतील कसब, त्याच्या मनांतील भीति यांचा पत्ता परवच्यास लागत नसे. पुढें इंग्रजी अमदानींत इयत्तावार शाळा व वार्षिक परीक्षा आल्या आणि ओसरीवरची शाळा भिंतींआड गेली. घरास कळावयाचें तें ‘पास’ किंवा ‘नापास’ एवढ्या एका शब्दांत कळूं लागलें.

भिंतींआड गेलेल्या शाळेचें दार पुन्हां घराकडे उघडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न इटलींत, रोम शहरीं झाला. तेथील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत एका संस्थेनें चाळवजा इमारती दुरुस्त करून मजुरांचीं कुटुंबें ठेविलीं होतीं. आईबाप कामावर गेले कीं मागें राहिलेलीं मुलें जिने व भिंती खराब करीत. त्यांची सोय लावावी या अगदीं व्यावहारिक हेतूनें ६ जानेवारी १९०७ रोजीं त्याच इमारतींत डॉ. मारिया माँटेसरी यांच्या देखरेखीखालीं पहिलें ‘बालगृह’ उघडलें. मुलांना शाळेंत धाडण्याऐवजीं येथें शाळाच त्यांच्या घरांत आली होती.

बालगृहाच्या नियमावलींत एक कलम विचार करण्याजोगें आहे. मातांनीं आठवड्यांतून निदान एकदां बाईंशीं बोलावें, मुलाचें घरांतील वर्तन त्यांना सांगावें व त्यांचा सल्ला घ्यावा, असें त्यांत म्हटलें होतें. म्हणजे प्रथम सांगावयाचें तें आईनें! मुलाविषयीं जाणणारी ती पहिली, हें शाळेनें नियमानेंच मान्य केलें. मूल अस्वच्छ आलें किंवा पालक बाईंशीं उर्मटपणें वागले, तर मुलास काढून टाकण्याची तरतूदहि त्याच नियमांत होती. हा कडकपणा आज कोणास खटकेल, व तें रास्तच होईल. पण मूळ तत्त्वाचें मोल त्यानें कमी होत नाहीं.

त्यांतील बऱ्याच माता निरक्षर होत्या. आमच्या मुलांना लिहावाचावयास शिकवा, अशी विनंती घेऊन त्यांतल्याच कांहीं जणी माँटेसरीबाईंकडे आल्या. पुढें मुलांस लिहितां येऊं लागलें, तेव्हां तीं घरच्या जमिनीवर, इतकेंच नव्हे तर पावाच्या कवचावरसुद्धां लिहूं लागलीं. शेवटीं आयांनीं त्यांच्या हातीं कागद व पेन्सिली दिल्या. त्या घरांना प्रगतिपुस्तकाची गरजच उरली नव्हती. आणि घरीं काय चाललें आहे, तें बाईंना त्या आयांकडूनच कळलें.

हा विचार हिंदुस्थानांत रुजविणाऱ्यांत गिजुभाई बधेका अग्रेसर होते. त्यांनीं १९२० सालीं भावनगरास दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर काढलें. तेथें त्यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं पुढें मराठींत ‘शिक्षण-पत्रिका’ चालविली. परंतु मासिक वाचील तो सुशिक्षित. निरक्षर आईबापांस त्याचा काय उपयोग? १९४५ सालीं ताराबाईंनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण मुलांसाठीं काम आरंभिलें, तेव्हां हीच अडचण पुढें आली. उपेक्षित वस्तींतलीं मुलें बालवाडींत येईनात. तेव्हां ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं बालवाडीच त्या वस्तींत, घरांपुढील अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. १९७५ सालीं केंद्र सरकारनें बालविकासाची देशव्यापी योजना आंखली, तेव्हां तिच्या केंद्रांना हेंच नांव मिळालें. ज्या आईस अक्षर येत नव्हतें, तिला काम करतां करतां दारांतून आपलें मूल काय शिकत आहे, तें दिसूं लागलें.

आज छापील प्रगतिपुस्तकें येतात, पालकसभाहि भरतात. त्या असाव्यातच. पण तेथें बहुधा शाळा बोलते व घर ऐकतें. आपलें मूल घरीं कशांत रमतें, कशास भितें, हें आईस विचारलें जाईलच असें नाहीं. बाईंनीं तें विचारावें आणि आईनें निःसंकोचपणें सांगावें. मग ‘कांहीं नाहीं’ म्हणणाऱ्या मुलाच्या मनांत दिवसभर काय चाललें होतें, तें दोघींना मिळून कळूं शकेल.