कीटभ्रमरन्याय आणि विषाची गोष्ट

भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूत आपल्या चोवीस गुरूंमध्ये एका माशीचीही गणना करतो. तिने घरट्यात कोंडलेला कीटक भयाने तिचेच ध्यान करतो आणि अखेर तद्रूप होतो. एकनाथांनी 1573 साली वाराणसीत पूर्ण केलेल्या टीकेतून हा दृष्टान्त मराठीत रुजला. आज वर्गात तो शिकवताना आपण एक तर भाबडी समजूत म्हणून सोडून देतो, नाही तर केवळ रूपक म्हणून त्यातील निरीक्षण बाजूला सारतो. आम्हांला दोन्ही वाटा अपुऱ्या वाटतात. कोंडलेला कीटक निश्चल असतो, तरी कुजत नाही. आणि त्या घरट्यातून पुढे माशीच बाहेर पडते. कोडे खरेच होते. दिसले नव्हते ते फक्त अंडे.

फ्रान्समध्ये लेओं द्यूफूर याच कोड्यापाशी 1841 साली थांबले होते. गांधीलमाशीच्या बिळातले भुंगेरे ताजे राहतात, ते विषातील एखाद्या परिरक्षक द्रवामुळे, असा त्यांचा तर्क. झां-आंरी फाब्र यांनी 1855 साली दाखवून दिले की ते भुंगेरे जिवंतच असतात. दंशाने चेतागुच्छिका बधिर होतात, एवढेच. सुईने तिथेच अमोनिया सोडून त्यांनी तोच परिणाम घडवला.

पुढे फाब्र यांनी या माशीला निष्णात शल्यवैद्य ठरवले. बर्गसाँ यांनी 1907 साली तिच्या आधारे सहजप्रेरणा म्हणजे एक प्रकारची समानुभूती, असा सिद्धान्त मांडला. वास्तविक अमेरिकेतील पेकहॅम दांपत्याने 1898 सालीच नोंदवले होते की दंश नेहमी अचूक नसतो, आणि मेलेल्या अळ्यांवरही माशीची पिल्ले वाढतात. म्हणजे फाब्रचा शल्यवैद्य हाही एक दृष्टान्तच होता!

विषाची रासायनिक उकल बरीच नंतरची. मधमाश्या पकडणाऱ्या एका गांधीलमाशीच्या विषातील फिलँथोटॉक्सिनची रचना 1988 साली निश्चित झाली. ते स्नायूंकडे जाणारा ग्लुटामेटचा संदेश अडवते. झुरळाची शिकार करणारी पाचूमाशी पहिला दंश छातीत करते. त्यातील गाबा आणि तत्सम द्रव्यांमुळे पुढचे पाय काही मिनिटे लुळे पडतात, असे 2006 साली सिद्ध झाले. दुसरा दंश थेट मेंदूत. त्यानंतर झुरळ चालू शकते, पण स्वतःहून चालू लागत नाही. माशी त्याची मिशी धरून त्याला बिळाकडे नेते.

इच्छा हरपलेला जीव दुसऱ्याच्या घरात शिरतो, इथवर दृष्टान्त आणि रसायनशास्त्र एकत्र चालतात. फरक शेवटाचा आहे. दृष्टान्तातला कीटक माशी होतो. बिळातला कीटक माशीचे अन्न होतो. तद्रूपतेचे हे दोन अर्थ शेजारी ठेवूनच हा न्याय शिकवावा, असे आम्हांला वाटते.