होळकरांच्या गावात भाऊसाहेबांची बखर

मनमाडला आगगाडीतून उतरून बैलगाडीने तुम्ही चांदवडला पोचता. 1878 साल उलटून गेलंय. होळकरांच्या रंगमहालापासून हाकेच्या अंतरावर एका ओसरीवर गावकरी जमलेत. टपालाने आलेला ‘काव्येतिहाससंग्रहा’चा अंक तुमच्या हातात देऊन म्हातारे फडणीस म्हणतात, “वाचा, मास्तर.” म्हणजे इथे तुम्ही मास्तर आहात.

काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्याहून हे मासिक काढतात. जुनी कविता, संस्कृत ग्रंथ, बखरी, पत्रं असं रुमालांत बांधून पडलेलं धन क्रमशः छापतात. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास येऊन पन्नास वर्षं झाली. आता मराठी माणसांचे कागद स्वतः बोलू लागलेत. याहून मोठं काम त्या काळी कुणी हाती घेतलं असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही भाऊसाहेबांची बखर वाचता. रोहिल्यांचा सरदार नजीबखान कैचीत सापडलेला, आणि मल्हारराव होळकर त्याला धर्मपुत्र म्हणून पाठीशी घालतात. ओसरी एकदम गप्प होते. इतर कुठल्याही गावात हे पानिपताच्या आधीचं राजकारण म्हणून ऐकतील. चांदवडात मल्हारबा घरचे आहेत.

“खोटं आहे!” कोपऱ्यातून एका शिलेदाराचा नातू उसळतो. “सुभेदारांवर ठपका ठेवायला कुणीतरी लिहिलंय.”

“मग खरं दाखवा,” फडणीस म्हणतात. “कागद आहे तुमच्याकडे?”

आहे. तो घरी जातो आणि मळक्या रुमालात बांधलेली आजोबांची पत्रं आणतो. मोडी झरझर वाहतेय, कडा कसरीने खाल्ल्यात. मूळ कागद तो पुण्याला पाठवू देत नाही. नक्कल करायला मात्र कबूल होतो, तीही त्याच्या डोळ्यांदेखत.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. 1882 मध्ये चिपळूणकर जातील. 1890 मध्ये मोडक वामन दाजी ओकांबरोबर ‘काव्यसंग्रह’ सुरू करतील. 1898 मध्ये इतिहाससंशोधक राजवाडे वाईला सापडलेली पानिपतकाळातली पत्रं छापतील आणि बखरी अस्सल पत्रांच्या कसोटीला लावतील. हा नातू आज रागाच्या भरात तेच करू पाहतोय.

तुम्ही दौत पुढे ओढता, बोरू बुडवता आणि पहिल्या पत्राची मिती बाळबोधीत उतरवता. तो शेजारी बसून अक्षर न् अक्षर ताडून बघतोय.