वर्षावन म्हणजे काय? वर्ध्याच्या शेतकऱ्यांसाठी या शब्दाचा अर्थ

'वर्षावनासारखी शेती करा', 'बांधावर मिरी-सुपारी लावा' असे सल्ले आता विदर्भातही ऐकू येतात. रोपांवर पैसा घालण्यापूर्वी वर्षावन कशाला म्हणतात, हे समजून घेणे गरजेचे आहे.

व्याख्या

भरपूर पावसाच्या प्रदेशातील, बारमाही हिरवे, उंच आणि अनेक थरांचे वन म्हणजे वर्षावन. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिम्पर यांनी १८९८ च्या ग्रंथातून ही संज्ञा रूढ केली. अशा वनात साधारणपणे वर्षाला २००० मिमीपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि कोरडे महिने थोडे असतात. भारतीय वनशास्त्रात याला 'सदाहरित वन' म्हणतात.

नुसता एकूण पाऊस पुरत नाही, तो किती महिन्यांत विभागला जातो हे महत्त्वाचे. महाबळेश्वरला ५००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, पण पुढे अनेक महिने कोरडे जातात. त्यामुळे तेथील झाडे सदाहरित असली तरी बुटकी आहेत. दक्षिणेकडे केरळात पावसाळा लांबतो, तशी झाडांची उंचीही वाढते.

जंगल आणि वर्षावन

दाट, ओल्या वनाला आपण सहज 'जंगल' म्हणतो. मूळ संस्कृत 'जांगल' शब्दाचा अर्थ मात्र उलट आहे. आयुर्वेदात कमी पाण्याचा, विरळ झाडांचा कोरडा प्रदेश म्हणजे जांगल देश, आणि पाणथळ प्रदेश म्हणजे आनूप देश.

वर्ध्यातील वन कोणते?

वर्धा जिल्ह्यात सुमारे १००० मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे येथील वन शुष्क पानझडीचे आहे. बोर व्याघ्र प्रकल्पात साग, ऐन, तेंदू, मोह, धावडा ही झाडे दिसतात. उन्हाळ्यात ती पाने गाळतात, ते पाणी वाचवण्यासाठी. हा रोग नव्हे.

जमिनीतील फरक

वर्षावनाची जमीन फार सुपीक असते, हा गैरसमज आहे. सततच्या पावसाने तेथील अन्नद्रव्ये धुपून जातात. सुपीकता झाडांत आणि कुजणाऱ्या पाल्यात साठलेली असते, म्हणून वन तोडल्यावर जमीन काही वर्षांतच निकस होते. आपली काळी जमीन बेसाल्टपासून बनलेली, चुनायुक्त आणि ओलावा धरणारी आहे. मात्र तिच्यात पावसाळ्यात पाणी साचते.

पिकांची निवड

- काळी मिरी, वेलदोडा, जायफळ, कोको ही दमट वनातील पिके आहेत. विहिरीच्या पाण्याने पावसाची तूट भरून निघेल, पण हवेतील दमटपणा आणता येत नाही. उन्हाळ्यातील गरम वाऱ्याने पाने करपतात. भारी जमिनीत पाणी साचल्यास मिरीची मुळे कुजतात.
- कोरडवाहू शेतात ही पिके मुख्य पीक म्हणून घेऊ नयेत. हौस असल्यास घराजवळ, सावलीत दोन-चार रोपेच लावावीत.
- बांधासाठी आवळा, बेल, कवठ, सीताफळ, मोह, चारोळी, बांबू ही येथील हवामानाला सोसणारी झाडे निवडावीत. चांगला पाऊस झाल्यावर लागवड करावी.
- ओलिताची सोय व निचरा असल्यास विरळ सावलीत हळद घेता येते. समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

वर्षावनाकडून घेण्यासारखे काय?

झाडे नाही, पद्धत घ्यावी. तेथे पालापाचोळा जमिनीतच जिरतो. आपण मात्र पऱ्हाटी आणि धुऱ्यावरचा पाला पेटवून देतो. पऱ्हाटी बारीक करून जमिनीत मिसळावी. सोयाबीनचे कुटार जनावरांना घालून उरल्यास फळझाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावे. गुलाबी बोंडअळी असलेली बोंडे मात्र आधी वेचून नष्ट करावीत.

थोडक्यात: वर्ध्याची जमीन वर्षावनाची नाही आणि ती तशी करण्याची गरजही नाही. रोपे घेताना 'हे झाड एप्रिल-मे कसा काढेल?' हा प्रश्न आधी विचारावा.