ना धड जहाज, ना धड विमान

शाळेची सहल पवना धरणावर गेली, तर मुलांना पाणकावळे जरूर दाखवावेत. पिंपरी-चिंचवडला पाणी पुरवणाऱ्या या जलाशयावर सारे आकाश मोकळे असते. तरी पाणकावळा पुष्कळदा पाण्यापासून हातभर उंचीवरूनच उडत जातो. असे का?

त्याचे एक कारण पंखाच्या टोकाशी सापडते. उडताना पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी असतो. म्हणून टोकाजवळची खालची हवा वळसा घेऊन वर येते, भोवरे तयार होतात आणि त्यांत ऊर्जा वाया जाते. पाणी किंवा जमीन अगदी जवळ असली, की या भोवऱ्यांना पसरायला जागा मिळत नाही. पंखांच्या एकूण लांबीच्या एक दशांश उंचीवर भोवऱ्यांमुळे होणारा रोध जवळजवळ निम्मा होतो. शिवाय पंखाखाली दबलेली हवा उशीसारखा आधार देते. याला भूपरिणाम म्हणतात. उतरणारे विमान धावपट्टीच्या थोडे वर तरंगत राहते, ते यामुळेच.

मग कायम याच उंचीवरून जाणारे वाहन का बनवू नये? फिनलंडचे अभियंते तोइव्हो कारिओ यांनी 1935च्या सुमारास बर्फावरून जाणारे असे यंत्र करून पाहिले. पण या कल्पनेला खरे भव्य रूप आले ते सोव्हिएत संघात, व्होल्गाकाठच्या गोर्की शहरात. हे शहर आपल्या पिंपरी-चिंचवडसारखेच मोटारींच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. तेथील अभियंते रोस्तिस्लाव अलेक्सेयेव पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाणाऱ्या वेगवान बोटी बनवत. पाण्यातील पंखाला वेगाची मर्यादा पडते, हे जाणवल्यावर त्यांनी पंख हवेत नेला.

त्यांचे ‘के. एम.’ हे यंत्र ऑक्टोबर 1966मध्ये कॅस्पियन समुद्रावर उडाले. लांबी 90 मीटरहून अधिक, कमाल वजन 544 टन, जेट इंजिने 10! अमेरिकी उपग्रहाच्या छायाचित्रांत हे आखूड पंखांचे धूड दिसले, तेव्हा तिकडच्या तज्ज्ञांनी त्याला ‘कॅस्पियनचा राक्षस’ म्हटले.

दहा इंजिने कशाला, असे विद्यार्थी विचारतील. विचारू द्यावे, कारण खरी अडचण तेथेच आहे. पाणी आपली पकड सहजी सोडत नाही. वर उठण्यासाठी सर्व इंजिने लागत. एकदा उठल्यावर त्यांतली बहुतेक मंद किंवा बंद ठेवता येत. म्हणजे इंधन वाचवणाऱ्या यंत्राला बिनकामाच्या इंजिनांचे ओझे वाहावे लागे. दुसरी अडचण वळण्याची. पाण्यालगत पंख कलता करता येत नाही, म्हणून वळसा फार मोठा घ्यावा लागतो. डोंगरांनी वेढलेल्या पवनेसारख्या जलाशयावर असे यंत्र निरुपयोगीच. तिसरी अडचण तोलाची. उंची वाढली, की उचलणाऱ्या बलाचे केंद्र सरकते आणि नाक वर जाऊ लागते. त्यासाठी शेपटी प्रचंड मोठी करावी लागली. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लिपिश यांनी उलट्या त्रिकोणी पंखाची रचना करून यावर अधिक चांगला उपाय शोधला.

1970च्या दशकात अलेक्सेयेव यांच्या ‘ऑर्ल्योनोक’ यंत्राची शेपूट चाचणीत तुटली. पुढची इंजिने पूर्ण वेगात चालवून ते यंत्र किनाऱ्यावर परत आणण्यात आले. तरीही अलेक्सेयेव यांना मुख्य पद गमवावे लागले. 1980 साली त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ‘के. एम.’ अपघातात बुडाले. नंतर बांधलेले ‘लून’ हे क्षेपणास्त्रवाहू यंत्र नौदलात आले, पण सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते पडून राहिले. 2020मध्ये त्याला ओढत देर्बेंतच्या किनाऱ्यावर नेण्यात आले.

आज सिंगापूर, अमेरिका अशा देशांत या जातीची छोटी वाहने तयार होत आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी नियम त्यांना जहाजांतच मोजतात.

तत्त्व खरे असणे आणि यंत्र उपयोगी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात हे दाखवायला खर्च नाही. एक कोरा कागद आडवा धरून गुळगुळीत फरशीजवळ हलकेच पुढे सोडा. खाली टेकण्याआधी तो हवेच्या पातळ थरावरून सरसर सरकत जाईल. मग वाटेत चार पेन्सिली टाकून पुन्हा सोडा. कागद अडखळेल. त्या पेन्सिली म्हणजे समुद्राच्या लाटा; आणि अलेक्सेयेव यांची झुंज त्यांच्याशीही होती.